सावलीवर नेम धरणारा वैमानिक

उडत्या विमानावर थेट नेम धरला, तर गोळी बहुतेक वेळा चुकते. गोळी पोहोचेपर्यंत विमान पुढे गेलेले असते. समजा, ते २५० मीटरवरून ताशी ४८० किलोमीटर वेगाने आडवे चालले आहे. गोळीला तेवढे अंतर कापायला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात विमान ३३ मीटर सरकते, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या जवळपास चौपट! नेम धरायचा तो रिकाम्या आकाशावर. पण किती पुढे? हवेत चुकलेली गोळी कुठून गेली हे सहसा कळतच नाही. मग नेम सुधारायचा कसा?

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये उत्तर आफ्रिकेत क्लाइव्ह कॉल्डवेलला या प्रश्नाने छळले होते. सिडनीचा हा तरुण जन्मदाखल्यावरचे वय कमी करून ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलात शिरला होता. ब्रिटिशांच्या २५० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये तो टोमाहॉक लढाऊ विमान उडवत असे. सुरुवातीला त्याच्या बऱ्याच गोळ्या वाया गेल्या. एकदा तळाकडे परतताना सोबतच्या विमानांच्या सावल्या वाळूवरून धावताना त्याला दिसल्या. त्याने एका सावलीवर फैर झाडली. गोळ्या पडल्या तिथे वाळू उडाली, आणि नेम सावलीच्या किती मागे पडला हे तत्क्षणी समजले.

कल्पना साधी वाटते, पण तिच्यामागची भूमिती पक्की आहे. सूर्याचे किरण जवळजवळ समांतर येतात, त्यामुळे सपाट जमिनीवर सावली विमानाच्याच वेगाने पळते. सूर्यबिंब सुमारे अर्ध्या अंशाचे दिसते, म्हणून विमान जितके उंच, तितकी सावलीची कड पुसट. सूर्य डोक्यावर असताना शंभर मीटर उंचीवरून कड जेमतेम मीटरभर धूसर होते. कमी उंचीवरून उडणाऱ्या विमानाची सावली त्यामुळे नेमबाजीला पुरेशी रेखीव राहते. शिवाय वैमानिकाला धोका नाही, आणि प्रत्येक चूक वाळूवर उमटलेली!

५ डिसेंबर १९४१ रोजी एकाच लढाईत त्याने पाच जर्मन श्टुका बॉम्बफेकी विमाने पाडली. सावलीवरचा हा सराव पुढे त्या आघाडीवर रूढ झाला. त्याला ‘किलर’ म्हणत. ते नाव त्याला आवडत नसे. मला तर तो आधी निरीक्षक वाटतो. जन्मजात नजरेच्या गोष्टी आपण फार सांगतो. इथे चूक मोजण्याची सोय सापडली आणि नजर तयार झाली.

१९४३ मध्ये जपानी हल्ल्यांपासून ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या रक्षणाला स्पिटफायर लढाऊ विमाने घेऊन तो आला, तेव्हा अडचण वेगळी होती. उंचावरच्या थंडीत तोफा गोठून अडकत आणि पंख्याचा वेग आवरणारी यंत्रणा बिघडून इंजिन बेफाम फिरे. २ मेच्या लढाईत चौदा स्पिटफायर गमवावी लागली, त्यांतली बरीच इंजिन बंद पडल्याने किंवा इंधन संपल्याने. इथे नेम सुधारून भागणार नव्हते. काम मेकॅनिकांचे होते.