शस्त्रक्रियेचा मुक्काम आणि गव्हाचें पथ्य

बुलढाणा जिल्हा हा मुळांत भाकरीचा मुलूख. ज्वारीची भाकरी, पिठलें, ठेचा आणि कांदा हें येथील रोजचें जेवण. शेगांवच्या गजानन महाराजांच्या नैवेद्यांतहि पिठलें-भाकरीला मान आहे. अशा जिल्ह्यांत गहूं न सोसणाऱ्या माणसाची काय अडचण होणार, असें कोणासहि वाटेल. घरीं असेपर्यंत तें बरेंचसें खरें आहे. परंतु तोच मनुष्य शस्त्रक्रियेसाठीं चार दिवस इस्पितळांत राहिला, कीं त्याच्या ताटावरची सत्ता दुसऱ्याच्या हातीं जाते, आणि भुलीच्या गुंगींत असलेल्या रोग्याला, "ह्यांत रवा आहे का?" असें विचारतां येत नाहीं.

ह्या विकारास सीलिअॅक असें नांव आहे. गहूं, सातू आणि राय ह्या धान्यांत ग्लुटेन नांवाचें प्रथिन असतें. कणकेला जो चिवटपणा येतो तो ह्याचाच. सीलिअॅकच्या रोग्याचें शरीर ह्या प्रथिनाशीं झुंजतांना आपल्याच लहान आंतड्याच्या अस्तराला इजा करून घेतें. मग अन्नांतलें लोह, चुना व जीवनसत्त्वें अंगीं लागत नाहींत. लंडनचे डॉक्टर सॅम्युअल गी यांनीं १८८८ मध्यें ह्या विकाराचें वर्णन केलें व उपाय आहारांतच असला पाहिजे असें सांगितलें. पण दोषी धान्य कोणतें तें त्यांना उमगलें नव्हतें. हेग येथील बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिक यांना गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत हॉलंडमध्यें दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला, तेव्हां इतर मुलें सुकत असतां हींच मुलें सुधारूं लागलीं, आणि त्या संशयास बळकटी आली. १९५० मध्यें डिक यांनीं आपल्या प्रबंधांत गव्हावरील आरोप सिद्ध केला.

येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. २०२४ च्या अखेरीस व २०२५ च्या आरंभीं शेगांव तालुक्यांतील कांहीं गांवांत लोकांचे केस एकाएकीं गळूं लागले, आणि रेशनच्या गव्हांतील सेलेनियमवर संशय घेतला गेला. त्या प्रकरणाचा ह्या विकाराशीं संबंध नाहीं. सीलिअॅकमध्यें उत्तम, निवडलेला गहूंहि तितकाच बाधतो.

आतां समजा, मेहकरच्या एका शिक्षिकेच्या पित्ताशयांत खडे झाले आहेत आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरली आहे. तयारी त्याच दिवशीं सुरू व्हावयास हवी. शल्यवैद्य आणि भूलतज्ज्ञ ह्या दोघांनाहि विकाराचें नांव स्वतंत्रपणें सांगावें. एकास सांगितलेलें दुसऱ्यास कळतेंच असें नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिन, लोह व ब-१२ पाहून घेतां येतें, आणि उणीव असल्यास ती भरून काढावयास दोन-तीन आठवडे हाताशीं राहतात. के जीवनसत्त्व नीट शोषलें जात नसेल तर रक्त गोठण्यास विलंब लागतो. ही तपासणी शस्त्रक्रियेपूर्वीं झालेली बरी. कांहीं प्रौढ रोग्यांची प्लीहा मंदावलेली असते, म्हणून न्यूमोनियाच्या लशीविषयींहि विचारावें. आणि ज्यांना हा विकार असल्याची नुसती शंका आहे त्यांनीं तपासणीपूर्वींच गहूं सोडूं नये. सोडल्यास रक्ताची परीक्षा फसवी ठरूं शकते.

औषधांची भीति मात्र पुष्कळदा अवाजवी असते. शिरेंतून देण्यांत येणाऱ्या सलाइनचा आणि इंजेक्शनांचा गव्हाशीं संबंध नसतो. प्रश्न गोळ्यांचा. त्यांत स्टार्च असतो. तो बहुधा मक्याचा किंवा बटाट्याचा, क्वचित् गव्हाचा. औषधविक्रेत्याकडे आधीं चौकशी करावी. पण संशयानें गोळी परस्पर बंद करूं नये.

खरी गफलत जेवणांत होते. "रोग्याला पथ्य आहे" असें म्हटलें कीं इस्पितळांत हलकें अन्न येतें, आणि हलकें अन्न म्हणजे रव्याची खीर, दलिया, चहा-बिस्किट, पाव! ग्लुटेन हा शब्द वाढणाऱ्या बाईंना ठाऊक असेलच असें नाहीं. म्हणून कागदावर ठळक मराठींत लिहावें : गहूं, मैदा, रवा, शेवया, सातू, पाव, बिस्किट, माल्टचीं पेयें नकोत, ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, मूग, दूध, ताक, फळें चालतील. एक प्रत केसपेपरला, एक खाटेच्या उशाशीं, एक स्वयंपाकघरांत. उपवासाचे पदार्थ चालतात, एवढें सांगितलें तरी आपल्याकडे अर्धें काम होतें. भगर, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा ह्यांत ग्लुटेन नाहीं. मात्र पुऱ्या तळलेल्या तेलांत साबुदाणावडा तळलेला नसावा.

घरून डबा यावयाचा असला तरी निश्चिंत होतां येत नाहीं. भाकरी निर्दोष, पण गिरणी? गव्हाच्या दळणामागून ज्वारी दळली तर दगडांतलें उरलेलें पीठ भाकरींत येतें. घरघंटी असेल तर ती ज्वारी-तांदळासाठींच राखावी. परात, तवा आणि पोळपाट निराळे असावेत. बाजारांतल्या डबीतल्या हिंगांत पुष्कळदा मैदा मिसळलेला असतो. बांधीव पदार्थांवरील मजकूर वाचावा. किलोमागें २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन असलेल्या पदार्थावर 'ग्लुटेन-मुक्त' असें छापतां येत नाहीं. इस्पितळ अकोला किंवा छत्रपति संभाजीनगर येथें असेल तर रोज डबा पोंचणें कठीण. तेव्हां तांदूळ, मुगाची डाळ, ज्वारीच्या लाह्या व राजगिऱ्याचे लाडू स्वतःच्या भांड्या-चमच्यांसह न्यावे. पहिला घोट केव्हां घ्यावयाचा तें डॉक्टर ठरवितील. पुढें तांदळाची पेज उत्तम.

पाहुण्यांचा प्रेमळ हल्ला ही निराळी आपत्ति. अशक्त माणसासाठीं मावशी गव्हाचें सत्त्व आणते, शेजारीण सातूचें पीठ, आणि शाळेंतले सहकारी माल्टच्या पावडरीचा डबा. "थोडें घे, कांहीं होत नाहीं," हें वाक्य ठरलेलेंच. म्हणून उशाशीं बसणारें एक माणूस आधींच नेमावें. जें येईल तें त्याच्या हातून जावें, आणि रोग्यास नकार देण्याचा संकोच पडूं नये.

एवढा खटाटोप कशासाठीं? थोड्याशा गव्हानें ह्या रोग्याचा प्राण तत्काळ जात नाहीं. परंतु शस्त्रक्रियेच्या तिसऱ्या दिवशीं उलटी, जुलाब व पोटफुगी सुरू झाली, तर टांक्यांवर ताण पडतो, आणि हा शस्त्रक्रियेचा उपद्रव कीं खिरीचा, हें डॉक्टरांना ओळखूं येत नाहीं. चूक घडल्यास ती परिचारिकेला ताबडतोब सांगावी. लपविल्यानें नको त्या तपासण्या मागें लागतात.

घरीं जाण्याच्या दिवशीं नवीन गोळ्यांची चौकशी पुन्हा करावी, आणि डिस्चार्ज कार्डावर पित्ताशयाच्या खड्यांच्या जोडीला सीलिअॅकचें नांवहि लिहून घ्यावें. तेंच कार्ड पुढच्या डॉक्टरांच्या हातीं पडतें.