घाट उतरला की परका मुलूख

सेमाडोहच्या पुलाखालून सिपना वाहते. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग, हे मला तिथल्याच एका म्हाताऱ्या बाबानं सांगितलं. त्यानं लेक जंगलातल्या एका गावात दिली होती. ते गावच उठून खाली अकोटकडे गेलं.

परदेशी गेलेल्यांचे हाल आपण पुष्कळ ऐकतो. पण परका मुलूख गाठायला दरवेळी पासपोर्ट लागत नाही.

१९७४ साली मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. पुढे गाभ्यातली गावं बाहेर निघू लागली. बोरी, कोहा, कुंड ही त्यातली पहिली. २००८ साली ठरलं, कुटुंबामागे दहा लाख रुपये रोख किंवा जमिनीसह पुनर्वसन, तेही गावकऱ्यांच्या संमतीनं. संमती दिलीही अनेकांनी. वर तरी कुठं सुख होतं? १९९३ मध्ये इथल्या बालमृत्यूंच्या बातम्या देशभर गेल्या होत्या.

खाली आल्यावर मात्र साध्या गोष्टी अडल्या. "वर माह्या पोरीनं सरपण कधी इकत घेतलं नाही," बाबा म्हणाला. खाली दुसऱ्याच्या धुऱ्यावरची काडी उचलली की चोर. मोह नाही, चारोळी नाही. हाती येते ती कपाशीच्या शेतातली मजुरी.

आणि भाषा! कोरकूचं ना मराठीशी नातं, ना शेजारच्या गोंडीशी. तिच्या बहिणी मुंडारी आणि संथाली, त्या दूर झारखंडाकडे. माझ्या घरात उर्दू, अंगणात वऱ्हाडी, आणि कविता मराठीत. तरी पन्नाशी उलटल्यावरही "तुमचं मराठी छान आहे हो" हे कौतुक मला ऐकावं लागतं. मी निदान हसून उत्तर देतो. अकोटच्या बाजारात भाव विचारणाऱ्या कोरकू बाईनं कोणत्या भाषेत हसावं?

जानेवारी २०१९ मध्ये पुनर्वसित गावांतली माणसं जमीन आणि सोयी मिळाल्या नाहीत म्हणून परत जंगलात गेली. केलपाणी-गुल्लरघाट भागात वनकर्मचारी आणि पोलिसांशी संघर्ष झाला. दोन्हीकडची माणसं जखमी झाली. वाघ जगला पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्याला जागा करून देणाऱ्यांचा हिशेब दहा लाखांत मिटवला, हे काही मला पटत नाही.

होळी हा कोरकूंचा मोठा सण. बाबाची लेक तेव्हा सेमाडोहला येते. जायच्या दिवशी सवयीनं सरपणाची मोळी बांधते. एसटीत ती घेत नाहीत, म्हणून बापाच्या अंगणात ठेवून जाते.