खाण्याचा सोडा : उपयोग व सावधगिरी

खाण्याचा सोडा घरोघरी असतो. परंतु त्याचे गुणधर्म जाणून तो वापरल्यास लाभ अधिक व अपाय कमी होतो.

शास्त्रीय भाषेत यास सोडियम बायकार्बोनेट म्हणतात. ताक, चिंच वा लिंबू यांतील आम्लाशी संयोग होताच त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो व ढोकळ्याचे पीठ फुगते. म्हणून पीठ वाफवावयास ठेवतेवेळीच सोडा घालावा. फार आधी घातल्यास वायू निघून जातो.

डाळीत चिमूटभर सोडा घातल्यास ती लवकर मऊ शिजते खरी. परंतु तीतील ब-१ जीवनसत्त्व नाश पावते. त्यापेक्षा डाळ अगोदर भिजत घालावी.

करपलेल्या पातेल्यात सोडा व पाणी घालून उकळल्यास खरवड सुटते. अॅल्युमिनियमची भांडी मात्र याने काळवंडतात.

धुण्याचा सोडा व कॉस्टिक सोडा हेही पांढरेच. परंतु पोटात गेल्यास ते घातक ठरतात. लिंबू पिळल्यावर धुण्याचा सोडाही फसफसतो. तेव्हा त्या परीक्षेवर विसंबू नये. डब्यांवर नावे लिहून ते निरनिराळ्या जागी, मुलांच्या हाती न लागतील असे ठेवावेत.

जळजळीवर नित्य सोडा घेऊ नये. रक्तदाबाच्या रोग्याने तर वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊच नये. छातीत कळ येऊन घाम सुटल्यास तो ‘वायू’ समजून सोडा देण्यात वेळ दवडू नये. रोग्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट घरोघरी आवर्जून समजावून सांगावी.