जीपच्या पुढच्या एक्सलचे दोष व त्यांची दुरुस्ती

सामूहिक विकास योजनेस २ ऑक्टोबर १९५२ रोजी प्रारंभ झाला आणि विकासगटाची जीप खेड्यापाड्यांच्या परिचयाची झाली. त्या ठेवणीच्या कित्येक जुन्या गाड्या आजही खते, शेतमाल व माणसे घेऊन घाट चढताना दिसतात.

या जीपचा पुढचा एक्सल अखंड असतो, म्हणजे दोन्ही चाके एकाच भक्कम नळीच्या टोकांशी जोडलेली असतात. एक चाक दगडावर चढले की दुसरेही कलते. रचना दणकट खरी; परंतु तीत कोठेही ढिलाई शिरली की ती दोन्ही चाकांस भोवते. गाडी ताशी ४०-५० किलोमीटर वेगाने जात असता खड्डा लागतो, पुढची चाके एकाएकी थडथडू लागतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. भरलेली गाडी उतारावर असेल तर हा प्रसंग जिवावरचा होय. अशा वेळी स्टिअरिंग घट्ट धरून वेग हळूहळू कमी करावा.

बहुतेक मालक यानंतर स्टिअरिंगच्या पेटीचा स्क्रू आवळून घेतात. त्यामुळे स्टिअरिंग जड होते, वळणानंतर आपणहून सरळ येत नाही, आणि मूळ दोष आहे तेथेच राहतो. पैसा जातो तो वेगळाच.

दोष शोधण्यास फार साहित्य लागत नाही. प्रथम टायरमधील हवा, पाट्यांचे यू-बोल्ट व टायरॉडचे सांधे पाहावेत. एकाने स्टिअरिंग डावे-उजवे हलवावे व दुसऱ्याने सांध्यांवर हात ठेवावा. ढिला सांधा हातास तत्काळ कळतो. तो दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. नंतर मागच्या चाकांस दगड लावून पुढचा एक्सल जॅकने उचलावा व त्याखाली मजबूत लाकडी ठोकळे द्यावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही शिरू नये.

आता चाक वरून व खालून धरून हलवावे. चाक खेळत असेल तर सहकाऱ्यास ब्रेक दाबण्यास सांगावे. खेळ नाहीसा झाला तर चाकाची बेअरिंग ढिली आहे. ब्रेक दाबूनही तो राहिला तर किंगपिनची बेअरिंग झिजली आहे. या एका परीक्षेने निम्मा खर्च वाचतो.

चाकाच्या बेअरिंगचे काम सोपे आहे. चाक फिरवीत असतानाच ते जड होईपर्यंत नट आवळावा, मग सुमारे एक षष्ठांश फेरा सैल करून लॉकची चकती वाकवून बसवावी. किंगपिनचे काम मात्र सावकाशीचे. टायरॉड सोडवून वरचे व खालचे झाकण उघडले की त्यांखाली पातळ शिम आढळतात. शिम काढल्या की बेअरिंग घट्ट होते. वरच्या व खालच्या शिम सारख्याच काढाव्यात, म्हणजे आतील दांड्याचा सांधा मध्यावर राहतो. नकल हाताने वळवताना थोडा विरोध जाणवला पाहिजे. ती मोकळी झुलू नये व अडकूही नये. बेअरिंगच्या वाटीत खळगे पडले असतील तर शिम काढून उपयोग नाही; वाटीसह नवे बेअरिंग घालावे.

नकलच्या गोळ्यावरून पातळ तेल ओघळत असेल तर एक्सलच्या आतील सील गेले आहे, असे समजावे. बाहेरचा नमदा बदलून ते थांबत नाही. हे तेल ब्रेकच्या पट्ट्यांवर पोचले की गाडी ब्रेक दाबताच एका बाजूस ओढते. गोळ्यावर गंज असल्यास तो बारीक कागदाने साफ करावा; नाहीतर नवा नमदा लवकरच फाटतो.

सर्व जोडणी झाल्यावर चाके सरळ ठेवून दोन्ही टायरांमधील अंतर पुढून व मागून मोजावे. जुन्या विलीज जीपसाठी पुढचे अंतर मागच्याहून १ ते २.५ मिलिमीटर कमी असावे. गाडी मोकळी, सपाट रस्त्यावर प्रथम चालवून पाहावी. माल त्यानंतर भरावा.