गणवेश आणि शिंप्याची माया

शिंपी शिवणीत जादा कापड सोडतो, त्याला 'माया' म्हणतात. शंकराचार्यांची नव्हे, ही उसवून वाढवता येते! नववी-दहावीत पोरं झपाट्यानं वाढतात, अन् सरकारी मोफत गणवेश मात्र आठवीतच थांबतो. २०२४-२५मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' म्हणून कापड-शिलाई वरूनच ठरली. कपडे उशिरा आले, मापं चुकली. पुढल्या वर्षी काम परत शाळा व्यवस्थापन समित्यांकडे. माप गावातच कळतं.

आम्ही म्हणतो, हायस्कूलनं फक्त रंग सांगावा. कापड कुठलंही, पँट थोरल्या भावाची, पायात चप्पल, चालू द्या. गणवेश गरिबी झाकायला आहे ना? मग तो नाही म्हणून किन्हीराजाची पोर प्रार्थनेच्या रांगेतून बाहेर काढली, तर तिची गरिबी आपणच साऱ्या शाळेला दाखवली. जूनमध्ये तिला वर्गात बसवा. गणवेश सोयाबीन विकल्यावर येईल.