सोसायटीच्या बागेचा कारभार

मुंबईतील मुलुंड, घाटकोपर, बोरिवली वा अंधेरी येथील गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभेत बागेचा विषय निघतो तो बहुधा माळ्याच्या पगारावरून किंवा टँकरच्या बिलावरून. परंतु ज्या भूमीवर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत 2,000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो आणि उरलेले आठ महिने आकाश जवळजवळ कोरडे राहते, तेथे बाग राखणे म्हणजे प्रथमतः पाण्याची तजवीज करणे होय, ही गोष्ट त्या जमाखर्चाच्या वादात मागे पडते. तानसा, वैतरणा, भातसा या तलावांतून दूरवरचा प्रवास करून आणि शुद्ध होऊन आलेले पाणी उथळ मुळांच्या परदेशी हिरवळीवर उन्हाळाभर ओतावे, ही मला चैन वाटते. नव्या मोठ्या इमारतींना महापालिकेने 2002 पासून पर्जन्यजलसंचय सक्तीचा केला खरा, पण कित्येक ठिकाणी ती व्यवस्था परवान्याच्या कागदापुरतीच उरली आहे.

पाणी किती द्यावे याहून ते कोठे द्यावे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. वाढलेल्या वृक्षाची पाणी शोषणारी सूक्ष्म मुळे बुंध्याशी नसून साधारणतः फांद्यांच्या घेराच्या कडेला आणि त्याही पलीकडे पसरलेली असतात. सबब झाडाबरोबर आळेही रुंदावत न्यावे, दररोज वरवर शिंपडण्याऐवजी काही दिवसांच्या अंतराने जमीन खोलवर भिजवावी आणि झाडून जाळला वा फेकला जाणारा पालापाचोळा आळ्यातच पसरावा. ठिबक योजना उत्तम. मात्र बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याने तिची छिद्रे बुजतात, हे ध्यानात ठेवून ती वेळोवेळी साफ करावी लागते. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवून मग झाड का वाळले म्हणून माळ्याला जाब विचारणाऱ्या कमिटीविषयी न बोललेलेच बरे.

वृक्षांची निवड मागील पिढीने करून ठेवलेली असते. दक्षिण अमेरिकेतून आलेला रेन ट्री छाया भरपूर देतो, पण पिठ्या ढेकणाच्या उपद्रवाने मुंबईतील असे अनेक वृक्ष वाळले. मादागास्करच्या गुलमोहराचे लाकूड ठिसूळ, त्यामुळे वादळात त्याची फांदी खालच्या मोटारीवर पडण्याची धास्ती असते. नवे रोप लावायचेच तर बकुळ, करंज, सीतेचा अशोक किंवा आपले राज्यपुष्प तामण यांचा विचार व्हावा. छाटणी मात्र मनास येईल तशी करता येत नाही. 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वये वृक्ष तोडण्यास वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आवश्यक असून छाटणीसाठीही महापालिकेच्या उद्यान खात्याकडे अर्ज करावा लागतो. मे अखेरीस घाईने अर्ज करणाऱ्यास पावसाआधी माणसे मिळतीलच असे नाही. शिवाय खिडकीसमोरची एकच बाजू छाटली की झाडाचा तोल जातो, आणि तेच झाड पुढे धोकादायक ठरते.

आता दिव्यांविषयी. दिवाळीत खोडाभोवती गुंडाळलेली माळ गणपतीपर्यंत उतरत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे. खोड जाड होत जाते, तार तशीच राहते, आणि सालीखालून अन्नरस वाहून नेणाऱ्या ऊतींना तिचा फास बसतो. तारेखेरीज उजेडही झाडांना बाधतो: वृक्षांना रात्रीची लांबी कळते, आणि तिच्यावर त्यांचे पानगळ-फुलोऱ्याचे वेळापत्रक अवलंबून असते. रस्त्यावरील दिव्यांजवळच्या झाडांची पाने उशिरा गळतात, असे न्यूयॉर्कमधील निरीक्षण मॅट्झके या अभ्यासकाने 1936 मध्येच प्रसिद्ध केले होते. रातराणीसारख्या रात्री दरवळणाऱ्या फुलांकडे येणारे पतंगही प्रखर उजेडाने भरकटतात. झाडांवरील रोषणाईविरुद्ध 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका पोहोचली, ती उगाच नव्हे.

उजेड हवा तो पायवाटेला आणि पायऱ्यांना: गुडघ्याएवढ्या उंचीचे, जमिनीकडे तोंड केलेले, पिवळसर प्रकाशाचे आणि रात्री अकराच्या सुमारास आपोआप मालवणारे दिवे त्यासाठी पुरेत. त्यांची तार नळीतून न्यावी, जोड पाण्यापासून सुरक्षित असावेत, आणि गळती होताच प्रवाह तोडणारे यंत्र मे महिन्यात वायरमनकडून तपासून घ्यावे. ओल्या मातीत उभे राहून हातात पाइप धरणाऱ्या माळ्याच्या जिवाचा प्रश्न असल्यामुळे, या तपासणीचा खर्च अंदाजपत्रकात रोषणाईच्या आधी धरावा.