संचालक मंडळातील स्त्रिया (लेखांक सहावा) : नात्यातली की स्वतंत्र?

संचालक मंडळात किमान ४० टक्के स्त्रिया हव्यात, या नॉर्वेच्या कायद्याने कंपन्यांच्या शेअरमूल्याचे काय झाले, याची चर्चा या लेखांकात व्हायची होती. परंतु एका वाचकाने विचारलेला प्रश्न इतका मुळाशी जाणारा आहे की नॉर्वे आठवडाभर थांबलेलेच बरे. मालकाच्या पत्नीला संचालक केले, तर कायदा पाळला गेला असे म्हणायचे का?

कायद्याच्या अक्षरापुरते उत्तर ‘होय’ असेच आहे. कंपनी कायदा, २०१३ चे कलम १४९ आणि त्याखालील नियम यांनी सर्व सूचिबद्ध कंपन्यांवर, तसेच १०० कोटी रुपयांचे भरणा झालेले भागभांडवल किंवा ३०० कोटींची उलाढाल असलेल्या अन्य सार्वजनिक कंपन्यांवर, किमान एक महिला संचालक नेमण्याचे बंधन घातले. ती कोणाची कोण असावी याविषयी मात्र त्यात चकार शब्द नाही. त्यामुळे सेबीची मुदत मार्च २०१५ अखेर संपत आली, तेव्हा अनेक प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनी उभारून तिच्यावर ताबा ठेवणाऱ्यांनी, घरातल्याच स्त्रीला घाईघाईने मंडळावर घेतले. नात्यातली स्त्री नाकर्ती असते असे मुळीच नव्हे. अडचण पात्रतेची नसून हितसंबंधाची आहे.

ती पाहायची तर लेखापरीक्षण समितीच्या बैठकीत डोकावावे. कंपनीला गोदाम हवे आहे आणि ते प्रवर्तकाच्याच कुटुंबाच्या मालकीचे आहे, असे समजू. यालाच ‘संबंधित पक्षाशी व्यवहार’ म्हणतात. आसपासचा भाडेदर काय, इतरांकडून दर मागवले का, करार इतक्या वर्षांचा कशासाठी, हे कोणीतरी स्पष्टपणे विचारावे लागते, आणि भाडे ज्या घरात जाणार त्याच घरातल्या संचालकाकडून ती अपेक्षा धरता येत नाही. सूचिबद्ध कंपन्यांत असे व्यवहार मंजूर करण्याचा अधिकार २०२२ पासून समितीतील केवळ स्वतंत्र संचालकांना, म्हणजे प्रवर्तकांशी नाते वा आर्थिक लागेबांधे नसलेल्यांना, आहे तो याचसाठी.

सेबीने नेमलेल्या उदय कोटक समितीने २०१७ मध्ये नेमकी ही फट हेरली. तिच्या शिफारशीनंतर सेबीने पहिल्या ५०० सूचिबद्ध कंपन्यांना एप्रिल २०१९ पासून आणि पहिल्या १,००० कंपन्यांना एप्रिल २०२० पासून किमान एक स्वतंत्र महिला संचालक सक्तीची केली. ‘स्वतंत्र’ हा एक शब्द वाढवला गेला आणि ती स्त्री मंजुरीचे मत देणाऱ्यांत बसू शकली. तिला समितीत घ्यायचे की नाही हे मात्र अजूनही मंडळच ठरवते, आणि खरी उणीव तेथेच उरली आहे.

समितीवर एवढा भर का, याचे उत्तर रेनी ॲडम्स आणि डॅनियल फरेरा यांच्या २००९ च्या अभ्यासात मिळते. अमेरिकी कंपन्यांत स्त्रिया बैठका पुरुषांपेक्षा कमी चुकवतात, देखरेखीच्या समित्यांवर अधिक दिसतात आणि त्या मंडळावर असल्या की पुरुषांचीही हजेरी सुधारते, असे त्यांना आढळले. त्याच अभ्यासात कंपनीच्या कामगिरीवरचा सरासरी परिणाम मात्र उणे निघाला. जेथे कारभार आधीच चोख आहे तेथे देखरेख गरजेपेक्षा जास्त होत असावी, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. नॉर्वेतील शेअरमूल्याचा वाद याच मुद्द्याला येऊन भिडतो, आणि पुढच्या आठवड्यात तो येथूनच उचलला जाईल.